दास्यमुक्ति आणि भूमि

दूर देशीं झालेल्या युद्धाचा इतिहास आपण बहुधा त्या देशाच्या नकाशावर बोट ठेवूनच वाचतों. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ पर्यंतच्या यादवी युद्धाची गोष्टहि आपल्याकडे अशीच सांगितली जाते. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील संस्थानांचा कलह, लिंकनचा धीरोदात्त निश्चय, गुलामांची मुक्तता आणि अखेर त्या महापुरुषाचा खून, एवढ्या चार प्रसंगांत सारें आटोपतें. परंतु त्या युद्धाचा एक धागा पनवेलच्या खाडीजवळून गेलेला आहे. आणि तो हातीं धरून मागें गेलें असतां एक असा प्रश्न समोर येतो कीं, त्याचें उत्तर देणें अमेरिकेइतकेंच आपल्यालाहि भाग पडलें. प्रश्न साधा आहे. गुलामाला मुक्त केल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें जावें कोठें आणि खावें काय?

प्रथम पनवेलचा विचार करूं. रेल्वे होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य होडींतून पनवेलच्या बंदरीं उतरे आणि तेथून गाडीनें किंवा पालखींतून बोरघाट चढे. सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असतां १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां बैलांच्या पाठीवरून उतरणारा देशावरचा माल गाड्यांवर लादला जाऊं लागला. पनवेल ही या रस्त्याची आणि समुद्राची गांठ होती. गाड्यांचीं चाकें करण्याचा येथील धंदा इतका नांवाजलेला कीं, देशावरून उतरलेली गाडी परत जातांना चाकांची नवी जोडी घेऊन जाई, असें गॅझेटियरकार सांगतात. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली. गांवाच्या त्या वेळच्या महत्त्वाची ही एक खूणच समजावी. पण पुढें लोहमार्ग आला. १८५६ सालीं तो घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचला, १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा भाग सुरू झाला, आणि १८६३ सालीं घाटांतील चढणीचा अवघड मार्ग पुरा होऊन दोन्ही टोकें सांधलीं गेलीं. हा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूला पडलें.

नेमक्या याच वर्षांत मुंबई इलाख्यावर सोन्याचा पाऊस पडला. एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत युद्ध पेटलें व उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडवलीं. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग याच दक्षिणेंतील गुलामांच्या हातचा होता. तो यावयाचा थांबतांच इंग्लंडची दृष्टि हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईच्या बाजारीं कापसाचा भाव दुपटीनें, तिपटीनें व त्याहूनहि वर चढला. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापूस मिळेल त्या वाहनानें बंदराकडे धांवूं लागला. हातीं आलेल्या पैशाला वाट पाहिजे म्हणून बँका निघाल्या, खाडी बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या भागांचा सट्टा सुरू झाला. बॅक-बे कंपनीच्या पांच हजारांच्या भागाला पन्नास हजारांपर्यंत भाव आल्याची कथा मुंबईच्या इतिहासांत प्रसिद्धच आहे. प्रेमचंद रायचंद यांचें नांव त्या काळीं लक्ष्मीच्या नांवासारखें घेतलें जाई. पुढें एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईस पोंचतांच भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली तेव्हां कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. बँक ऑफ बाँबेहि १८६८ सालीं बुडाली.

या व्यापाराकडे पाहतांना एक गोष्ट मनाला टोंचल्यावांचून राहात नाहीं. ज्या युद्धांत चाळीस लक्ष माणसांच्या सुटकेचा निकाल लागत होता, तें आपल्या बाजारांत केवळ कापसाचा भाव म्हणून ओळखलें गेलें. शांततेची वार्ता ज्यांस अशुभ वाटावी अशी येथील पेढ्यांची स्थिति होती. याच्या उलट चित्र मँचेस्टरचें आहे. कापूस न आल्यामुळें तेथील हजारों गिरणीकामगार उपाशी बसले होते. तरीहि तेथील कामगारांच्या सभेनें १८६२ च्या अखेरच्या दिवशीं लिंकनला पाठिंब्याचें पत्र धाडलें, आणि लिंकननें जानेवारी १८६३ मध्यें त्यास कृतज्ञतेनें उत्तर दिलें. ज्यांचें नुकसान होत होतें त्यांना त्या युद्धांतील माणूस दिसला. ज्यांना नफा होत होता त्यांना फक्त गांठडी दिसली.

मग गुलामगिरी म्हणजे काय हें आपल्या लोकांस ठाऊक नव्हतें काय? चांगलें ठाऊक होतें. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री उघडपणें होत असे. मोहिमांत धरून आणलेल्या, दुष्काळांत विकल्या गेलेल्या, किंवा बदकर्माचा आरोप येऊन सरकारजमा झालेल्या स्त्रिया सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर, आणि सरदार-सावकारांच्या वाड्यांत राबत. त्यांची किंमत ठरे आणि विक्रीचा कागद होई. म्हातारपणीं, किंवा मोबदला भरल्यास, किंवा बदली दुसरी कुणबीण दिल्यास तिची सुटका होई. अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांवरील गुलामगिरीशीं हिचें स्वरूप सर्वस्वीं जुळत नाहीं. येथील दास्य बहुतांशीं घरांतलें आणि कोठारांतलें होतें. परंतु माणसाचा भाव करून त्याचा कागद लिहिणें हें दोहींकडे सारखेंच.

इंग्रजी अमलांत १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकीचा हक्क कोर्टांनीं मानूं नये असें ठरलें. गुलाम बाळगणें हा गुन्हा मात्र त्यानें ठरविला नाहीं. तें काम पुढें पीनल कोडानें केलें, व तें कोड १ जानेवारी १८६२ रोजीं अमलांत आलें. बरोबर एक वर्षानें, १ जानेवारी १८६३ रोजीं, लिंकननें बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. तिकडे ती तारीख रक्तानें लिहिली गेली. सहा-सात लक्ष माणसें त्या युद्धांत खपलीं. इकडे आपली तारीख कोणाच्या ध्यानींहि राहिली नाहीं. पण दोन्ही ठिकाणच्या कायद्यांत उणीव एकच होती. त्यांनीं साखळी तोडली, परंतु साखळी तुटलेल्याच्या पायाखालीं जमीन कोणती, याविषयीं ते मुके राहिले.

अमेरिकेनें या उणिवेवर उपाय करून पाहिला नाहीं असें नाहीं. जानेवारी १८६५ मध्यें जनरल शर्मन यानें दक्षिणेच्या किनाऱ्यावरील, मळेवाल्यांनीं सोडलेली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांस चाळीस-चाळीस एकरप्रमाणें वांटण्याचा हुकूम काढला, आणि सुमारें चाळीस हजार माणसें त्या जमिनीवर वसलीं. परंतु लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्रयू जॉन्सन यानें त्याच वर्षीं जुन्या मालकांस माफी देऊन बहुतेक जमीन त्यांस परत केली. पेरलेलीं शेतें सोडून लोकांना पुन्हा त्याच मालकाच्या दारीं उभें राहावें लागलें. पुढें तेरावी, चौदावी व पंधरावी अशा तीन घटनादुरुस्त्यांनीं १८७० पर्यंत त्यांस स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि मताचा हक्क मिळाला. शाळा निघाल्या. १८७० सालीं हायरम रेव्हेल्स हा कृष्णवर्णी गृहस्थ मिसिसिपीच्या वतीनें सिनेटांत जाऊन बसला. पण शेत मालकाचेंच होतें. बीं, बैल, नांगर आणि दुकानांतील उधारी त्याचीच होती. शेतकऱ्यानें अर्धेलीनें राबावें व हंगामाच्या अखेरीस हिशेबांत देणेंकरीच निघावें, हा क्रम ठरून गेला. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातीं त्याचें मतहि फार दिवस स्वतःच्या हातीं राहात नाहीं. १८७७ सालीं उत्तर व दक्षिण यांच्या पुढाऱ्यांत तडजोड होऊन दक्षिणेंत उरलेलें संघराज्याचें सैन्य बाजूस झालें, आणि त्यानंतरच्या काळांत दक्षिणेच्या एकेका संस्थानानें कृष्णवर्णीयांचें मत कायद्याच्या आडवाटांनीं काढून घेतलें.

दुभंगलेलें राष्ट्र पुन्हा सांधलें गेलें, यांत संशय नाहीं. परंतु तें कशानें सांधलें गेलें हें पाहण्यासारखें आहे. १९१३ सालीं गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्या लढाईच्या पन्नासाव्या वाढदिवशीं दोन्ही पक्षांचे वृद्ध सैनिक जमले आणि त्यांनीं एकमेकांचे हात हातीं घेतले. अध्यक्ष विल्सन यानें तेथें बंधुभावावर भाषण केलें. त्याच विल्सनच्या कारभारांत, त्याच वर्षीं, वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या व काळ्या नोकरांस वेगळें बसविण्यास आरंभ झाला. दोन भावांचा समेट झाला, आणि ज्याच्यासाठीं ते भांडले होते तो अंगणांतच उभा राहिला.

या साऱ्या घडामोडी चालूं असतां महाराष्ट्रांत एका मनुष्यानें मात्र त्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेनें पाहिलें नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि तें गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. आपल्या देशबांधवांनींहि त्यांचा कित्ता घेऊन शूद्र बंधूंस दास्यांतून सोडवावें, अशी आशा त्यांनीं त्या अर्पणपत्रिकेंत प्रकट केली. हें वर्ष लक्षांत घेण्याजोगें आहे. १८७३ मध्यें अमेरिकेंतील प्रयोग अजून फसला नव्हता. जोतीरावांनीं पाहिला तो त्याचा चढता काळ. तथापि त्यांची स्वतःची वाट पाहिली तर त्यांनीं केवळ कायद्यावर भिस्त ठेवली नव्हती असेंच दिसतें. मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा त्यांनीं दोन तपें आधींच काढल्या होत्या. सत्यशोधक समाज त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं स्थापन झाला. आणि पुढें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना त्यांचें लक्ष थेट शेतसारा, कर्ज, बैल, पाणी यांवर खिळलें. दास्य हें मनांत असतें तसेंच तें कर्जखतांतहि असतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

कर्जखताचा हा उल्लेख आपल्याला पुन्हा त्या अमेरिकन कापसाकडे नेतो. तेजीच्या वर्षांत देशावरच्या शेतकऱ्याच्या जमिनीला किंमत आली, सावकारानें हात सैल सोडून कर्ज दिलें, आणि सरकारनें नव्या पाहणींत पुणें जिल्ह्याच्या कांहीं तालुक्यांत सारा वाढविला. युद्ध संपलें, भाव उतरले. कर्ज आणि सारा मात्र तेथेंच राहिले. मे १८७५ मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्यांनीं जाळण्यासाठीं निवडलें तें कागदच, ही गोष्ट फार बोलकी आहे. सरकारनें नेमलेल्या चौकशी-मंडळानेंहि कापसाची तेजी व तिचा शेवट यांची गणना या असंतोषाच्या कारणांत केली. त्यावर १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला.

त्या दुष्काळानें पेटलेला एक पुरुष पनवेलचाच होता. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं पनवेल तालुक्यांतील शिरढोण येथें झाला. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरी करीत असतां दुष्काळांतील लोकांचे हाल पाहून त्यांनीं १८७९ च्या आरंभीं रामोशांस जमवून बंड उभारलें. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक यानें त्या वर्षीं मे महिन्यांत घाट उतरून पनवेलजवळील पळस्पें व चिखली येथें दरोडे घातले. पळस्पें हें जुन्या पुणें रस्त्यावरचेंच गांव. ज्या वाटेनें पूर्वीं देशावरचा माल उतरला त्याच वाटेच्या कडेला आतां उपाशी देश हातीं शस्त्र घेऊन उतरला. परत जातांना दौलतराव मारला गेला. जुलैंत फडके पकडले गेले. आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या बंडाची राजकीय बाजू सर्वश्रुत आहे. तिच्या मुळाशीं भूक आणि कर्ज होतें, हें तितकेंच आठवलें पाहिजे. १८७९ सालींच सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. अमेरिकेंत ज्या काळांत देणेंकरी शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडण्यांत आलें, त्याच काळांत येथें त्याच्या कर्जाकडे कायद्यानें थोडी तरी नजर वळविली.

कोंकणांत प्रश्न खोतीचा होता. खोत हा सरकार व कूळ यांच्या मध्यें उभा असे, आणि कुळानें धान्य, वेठ व मान हीं तिन्ही त्याच्याकडे पोंचवावीं असा वहिवाटीचा दंडक असे. कूळ म्हणजे गुलाम नव्हे, हें खरें. त्याला कोणी बाजारांत विकूं शकत नव्हतें. पण जमिनीवरून उठवण्याचा धाक पुरेसा होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांनीं संप पुकारला. मळणी-कापणीच्या दिवसांतले हे शेतकरी खोताची जमीन कसण्याचें नाकारून जवळजवळ सहा वर्षें रानांतील लांकूडफांटा विकून व मिळेल तें खाऊन राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांस पाठिंबा दिला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. हे आंबेडकर १९१३ सालीं, म्हणजे गेटिसबर्गच्या त्या हस्तांदोलनाच्याच वर्षीं, न्यूयॉर्कला कोलंबिया विश्वविद्यालयांत शिकण्यास गेले होते. मुक्त झालेल्यांचें पुढें काय होतें हें अमेरिकेंत डोळ्यांसमोर होतें. १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांस पत्र लिहिलें, यावरून हा संबंध त्यांच्या मनांत पुढेंहि जागा होता हें उघड आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा व १९४९ चा खोतीनाशाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाचा दिवस ठरला, आणि रायगड जिल्ह्यांतील असंख्य कुळें जमिनीचीं मालक झालीं. अमेरिकेंत १८६५ सालीं जें देऊन काढून घेतलें, तें आपल्याकडे पुष्कळ अंशीं दिलें गेलें, व तें रक्तपात न होतां दिलें गेलें. हें श्रेय लहान नाहीं. चरीच्या शेतकऱ्याचा नातू आज मतदानाला जातो तो कोणाच्या ओसरीवरून हुकूम घेऊन जात नाहीं, याचें कारण या कायद्यांत आहे.

परंतु एक वर्ग या वांटपांतून सुटला. कातकरी रानांत कात पाडीत, कोळसा भाजीत, दुसऱ्याच्या शेतांत राबत. पण कागदावर तो कोणाचा कूळ नव्हता, म्हणून ‘कसेल त्याची जमीन’ या वाक्यांत त्याचें नांव आलेंच नाहीं. त्याच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. पावसाळ्यांत उचल घ्यावयाची, दिवाळीनंतर कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर सहकुटुंब जाऊन ती फेडावयाची, आणि हिशेबांत पुन्हा बाकी निघावयाची, हा क्रम अमेरिकेच्या अर्धेलीहून कशानें निराळा आहे? १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार बंद झाली आणि जुनीं देणीं रद्द ठरलीं. १८४३ च्या कायद्यापेक्षां तो शतपटीनें चांगला. पण उचल घेण्याचें कारण जें रिकामें पोट आणि पर-जमिनीवरील झोंपडी, तें केवळ त्यानें जात नाहीं.

आतां पनवेल पुन्हा गजबजलें आहे. २०१६ पासून तेथें महानगरपालिका आहे, पुण्याचा द्रुतगति मार्ग आहे, विमानतळ आहे. नव्या शहरासाठीं शेतजमिनी घेतल्या गेल्या तेव्हां १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जासईच्या परिसरांत मोठा लढा झाला; त्यांत शेतकऱ्यांनीं प्राण दिले, व त्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण निघालें. तोहि विजय मोठाच. तथापि साडेबारा टक्के हे कशाचे? सातबाऱ्यावर नोंदलेल्या जमिनीचे. ज्याच्या नांवानें सातबारा कधीं निघालाच नाहीं त्याचे साडेबारा टक्के किती होतात, याचा हिशेब कोणींहि करून पाहावा.

अमेरिकेंत १९६४ व १९६५ सालीं नागरी हक्कांचे आणि मतदानाचे कायदे झाले, तेव्हां लिंकनच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षें उलटलीं होतीं. पहिल्या बारा वर्षांत जें काम अर्धवट टाकलें तें उचलण्यास शतक लागलें. आपल्यापुढें मोडलेलें राष्ट्र सांधण्याचें काम नाहीं. पण जें उरलें आहे तें त्याच जातीचें आहे, आणि त्याला तोफा लागत नाहींत. वाडीखालची जमीन वाडीच्या नांवानें करावी, रानावरील हक्काचा २००६ चा कायदा जो झालाच आहे तो गांवोगांव पुरा पाळावा, भट्टीच्या हंगामांत कातकऱ्याचें पोर शाळेंतच राहील अशी सोय करावी. तलाठ्याच्या दप्तरांत व गांवच्या शाळेंत होणारें हें काम आहे. अमेरिकेचे सेनापति जिंकले आणि दप्तराचें काम विसरले. दप्तर अजून आपल्या हातीं आहे.